गोळी देण्यापूर्वी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे गावोगावच्या लोकांनी तिचे अनुकरण केले आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाण्या माणसांचे ऐकावे, ही चाल महाराष्ट्रात पडली. या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे, हा आजवरचा शिरस्ता. आमचे शालेय शिक्षण दहावीपर्यंत; पुढची सारी विद्यापीठे म्हणजे कारखान्याचे फाटक, कामगार न्यायालयाचा व्हरांडा आणि सार्वजनिक वाचनालय. त्यामुळे चालकांनी बोलावले तेव्हा आम्ही वेतनकरारावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक गोळ्या जपून कशा घ्याव्यात, हा विषय आम्ही सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्पच राहिले.

हा विषय डॉक्टरांचा आहे, हे आम्हांला मान्य आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि जे थोडेफार कळले ते डॉक्टरांना विचारून आणि रात्री पुस्तके वाचून कळले. परंतु गोळी लिहून देणारा डॉक्टर असला, तरी ती हातावर ठेवणारा बहुधा डॉक्टर नसतो. तो शेजारी असतो, मेहुणा असतो, कोपऱ्यावरचा दुकानदार असतो. आणि एकदा तो आम्हीच होतो. म्हणून हा विषय आमचाही आहे.

झाले ते असे. आमच्या संघटनेतला एक सहकारी, वय पंचेचाळीसच्या आसपास, कारखान्यात माल उचलणारी गाडी चालवतो. वजन १२८ किलो, त्यात मधुमेह, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार. लोक म्हणत, खातो फार. पण वीस वर्षे पाळीपाळीने दिवसाची रात्र करणाऱ्या माणसाच्या जेवणाला वेळ नसते आणि झोपेला ठिकाण नसते, हे म्हणणाऱ्यांना ठाऊक नव्हते. कंपनीच्या आरोग्यविम्यातून त्याची गॅस्ट्रिक बायपास नावाची शस्त्रक्रिया झाली. चौदा महिन्यांत तो ८४ किलोवर आला. मधुमेहाची इंजेक्शने सुटली. आम्ही फाटकावर त्याला हार घातला. ही शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंतांचे चोचले, अशी आमचीही पूर्वी समजूत होती. ती त्या दिवशी गेली.

पुढे त्याची कंबर धरली. रजा घ्यावी तर हजेरी-बक्षीस बुडते. महिन्यात एक खाडा झाला तरी बक्षीस पुरते जाते. तो संघटनेच्या कार्यालयात आला. आमच्या टेबलाच्या खणात कंबरदुखीच्या गोळ्यांची पाकिटे नेहमीच असत. आम्ही स्वतः त्या घेत होतो. आम्ही एक पाकीट काढून त्याच्या हातावर ठेवले. "दोन वेळा घे, जेवल्यावर घे, काही होत नाही." हे आमचे शब्द. गोळीने बरे वाटले, म्हणून तो पुन्हा आला आणि आम्ही पुन्हा दिले. असे तीन आठवडे चालले.

एका रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास तो गाडीवरून उतरला आणि पोट धरून खालीच बसला. पोट लाकडासारखे कडक झाले होते. इस्पितळात कळले, की पोटातल्या जोडाजवळ व्रण होऊन तो फुटला आहे. त्याच रात्री पोट उघडावे लागले. अकरा दिवसांनी तो घरी आला. वाचला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, "या माणसाला ही गोळी कोणी दिली?" आयुष्यात आम्ही पुष्कळ सभांतून हात वर केला आहे, इतका जड हात कधी वर केला नव्हता.

बंधुभगिनींनो, आम्ही दिलेली गोळी विष नव्हती. आम्हांला ती चालत होती. मग त्यालाच का बाधली? हे समजून घेण्यासाठी थोडा इतिहास आणि थोडे पोटाचे शास्त्र पाहू या.

विलो नावाच्या झाडाच्या सालीने ताप व दुखणे उतरते, हे युरोपात फार जुने ज्ञान. त्याच जातीच्या द्रव्यापासून १८९७ साली जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने शुद्ध स्वरूपात एक औषध सिद्ध केले. १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावाने जगभर गेले. ते वेदना कशी थांबवते, हे मात्र पुढे सत्तर वर्षे कोणाला नीट उमगले नव्हते. १९७१ साली जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने ते दाखवून दिले आणि १९८२ साली त्याला दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. जखमेच्या जागी तीच सूज आणि ठणका आणतात. ॲस्पिरिन त्यांची निर्मिती रोखते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, नाइमसुलाइड ही सारी त्याच घराण्यातली. त्यांना आपण दाहशामक गोळ्या म्हणू.

आता गोम अशी, की जी द्रव्ये गुडघ्यात ठणका आणतात, तीच जठरात पहारा करतात. जठरातले आम्ल मांसही पचवते. मग ते जठरालाच का पचवत नाही? कारण आतल्या अंगाला चिकट थराचे अस्तर असते, आम्ल मारणारा क्षार तिथे झिरपतो, रक्ताचा पुरवठा सतत चालू असतो. आणि या साऱ्या व्यवस्थेवर प्रोस्टाग्लँडिनांचा हुकूम चालतो. दाहशामक गोळी गुडघ्यातला दंगा मोडते खरी, पण त्याच वेळी जठरातला पहाराही उठवते. धडधाकट पोटाला हे काही दिवस सोसते. काहींना तेही सोसत नाही.

गॅस्ट्रिक बायपासने या पोटाचे काय होते ते पाहा. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या शल्यविशारदाने १९६६ साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. व्रणांसाठी ज्यांच्या जठराचा काही भाग काढला जाई, ती माणसे पुढे रोड होतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. आजच्या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची थैली ठेवतात. आपल्या कटिंग चहाच्या पेल्याहूनही लहान. बाकीचे जठर पोटातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. लहान आतड्याचा खालचा भाग वर आणून त्या थैलीला शिवतात. जठराला आम्लाची सवय असते. जठरालगतच्या आतड्याच्या पहिल्या भागातही आम्ल मारण्याची सोय असते. पण हा जो भाग वर आणून जोडला, त्याने जन्मात कधी थेट आम्ल पाहिलेले नसते. खेडेगावातून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी भट्टीसमोर उभे करावे, तशी त्याची स्थिती. त्या शिवणीजवळ व्रण होण्याचा संभव मुळातच असतो. त्यात दाहशामक गोळीने पहारा उठवला, की काय होते हे आमच्या सहकाऱ्याने भोगले. आणि हा धोका टाके सुकल्यावर संपत नाही. वर्षांनंतरही तो राहतो.

दुसरी शस्त्रक्रिया स्लीव्ह या नावाची. तिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. तिथे आतड्याची नवी शिवण नसते, म्हणून धोका काहीसा कमी मानतात. पण कमी म्हणजे नाही, असे नव्हे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी २०१९ साली ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत अशा शस्त्रक्रियांनंतर दाहशामक गोळ्या शक्य तर पूर्णपणे टाळाव्यात आणि दुखण्यावर दुसरे काय घ्यायचे ते आधीच ठरवून ठेवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. 'आधीच' हा शब्द आम्हांला फार मोलाचा वाटतो. कंबर धरल्यावर माणूस विचार करत नाही. तो हाताला येईल ते गिळतो.

औषधाचा गुण गोळीत असतो तितकाच घेणाऱ्याच्या शरीरातही असतो, याचे एक उदाहरण आपल्या डोक्यावर घिरट्या घालत होते. आपल्या देशातली गिधाडे भराभर नाहीशी झाली. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पाडते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली आपल्या सरकारने जनावरांसाठी ते औषध बंद केले. बैलाचे दुखणे ज्याने थांबले, त्यानेच गिधाड मेले. औषध तेच, शरीर वेगळे.

आता लोक आम्हांला नेहमी जे विचारतात, त्याकडे वळतो.

पहिला प्रश्न, जेवल्यावर घेतली तर? ज्याच्या पोटात चहाच्या पेल्याएवढे अन्न मावते, त्याचे पोटभर जेवण ते केवढे? आणि मुळात ही गोळी पोटाला नुसती लागून बाधत नाही. ती रक्तात गेल्यावर पहारा उठवते. म्हणूनच इंजेक्शन घेतले किंवा गुदद्वारातून औषध घेतले, म्हणजे पोट सुटले, ही समजूतही खोटी आहे. सोबत आम्लपित्ताची गोळी घेतली तर? पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांनी धोका कमी होतो. पण ती ढाल आहे, परवाना नव्हे. क्वचित काही आजारांत डॉक्टर विचारपूर्वक, ढालीसह, थोड्या दिवसांसाठी दाहशामक देतातही. तो निर्णय त्यांचा. आपल्या टेबलाच्या खणाचा नव्हे.

मग घ्यावे काय? बहुतेकांना पहिली गोळी पॅरासिटामोलची. ती त्या घराण्यातली नाही आणि जठराचा पहारा उठवत नाही. पण तिलाही मर्यादा आहे. धडधाकट प्रौढाला दिवसाकाठी ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही शेवटची हद्द. आणि दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर हवे. अशक्त झालेल्या, खाणे कमी असलेल्या किंवा दारू घेणाऱ्या माणसाला डॉक्टर याहून कमी सांगतात, कारण मात्रा वाढली की यकृत जाते. या शस्त्रक्रियेनंतर खाणे कमीच असते, म्हणून आपली हद्द डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावी. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि इथेच आपल्या बाजारातला मोठा सापळा आहे. आपल्याकडे पॅरासिटामोल एकटे येतेच असे नाही. असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामोल, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामोल, डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामोल, अशा जोडगोळ्या सर्रास खपतात. आमच्या खणातली गोळी अशीच होती. पाकिटावर पॅरासिटामोल हे नाव वाचून आम्ही निर्धास्त झालो. त्याच्या शेजारचे नाव वाचलेच नाही. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे: कंपनीने दिलेले मोठ्या अक्षरांतले नाव वाचू नका, त्याखाली बारीक अक्षरांत घटकांची नावे असतात ती वाचा. इंग्रजी येत नसेल तर नातवाला वाचायला सांगा. सर्दीच्या आणि तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटामोल असते. दोन वेगवेगळ्या पाकिटांतून तेच औषध दुप्पट पोटात जाते.

लावायचे मलम पुष्कळांना उपयोगी पडते. त्यातले औषध रक्तात फार थोडे जाते. तरी तेही एकदा विचारून घ्यावे. शेक, व्यायाम, मालिश यांना कमी लेखू नये. ट्रामाडॉलसारखी जड औषधे शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस देतात. पण ती झोप आणतात, मलावरोध करतात आणि सवय लावतात. २०१८ साली सरकारने ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले, ते उगाच नव्हे. ते घेऊन कोणी यंत्रावर उभे राहू नये. संधिवाताच्या अनामिक पुड्यांपासून तर चार हात दूरच राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा हीच दाहशामके मिसळलेली सापडल्याची उदाहरणे आहेत. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या बदललेल्या आतड्यांतून नीट शोषल्या जातीलच असे नाही. आणि घशातून उतरत नाही म्हणून त्या कुटून घेतल्या, तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात भिनते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शिवणीवर व्रण अधिक होतात. ती सोडलीच पाहिजे.

एक उलटा इशाराही देतो. हृदयविकारासाठी ज्यांना डॉक्टरांनी रोज अल्प मात्रेत ॲस्पिरिन दिले आहे, त्यांनी आमचे भाषण ऐकून ते उद्या बंद करू नये. त्यांनी हृदयाच्या आणि पोटाच्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची कागदपत्रे दाखवावीत. गोळी मनाने सुरू करणे जितके वाईट, तितकेच मनाने सोडणेही.

धोक्याची चिन्हे कोणती? बेंबीच्या वर जळजळ किंवा दुखणे, खाल्ल्यावर ते वाढणे, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौचाला होणे, चक्कर, फिकेपणा. आमच्या सहकाऱ्याला आठवडाभर काळे होत होते. त्याला वाटले, लोहाच्या गोळ्यांनी होत असेल. या शस्त्रक्रियेनंतर लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांनीही रंग काळसर होतो, हे खरे. म्हणूनच तो फसला. तेव्हा शंका आली की रंगावर वाद घालत बसू नये, दवाखाना गाठावा. आणि पोट एकाएकी कडक होऊन असह्य दुखले, तर सकाळची वाट पाहू नये.

आता थोडे आमच्या धंद्याचे बोलतो. त्या माणसाला इस्पितळातून घरी सोडताना कागद दिला होता. चार पाने, सारी इंग्रजीत. दाहशामक गोळ्या घेऊ नयेत, हे तिसऱ्या पानावर एका ओळीत लिहिले होते. त्याने तो कागद जपून ट्रंकेत ठेवला होता, देवाच्या पोथीसारखा. वाचला मात्र कोणी नव्हता. ज्याला जे पाळायचे, त्याला ते त्याच्या भाषेत न देणे, ही आम्ही त्या इस्पितळाची चूक मानतो. परंतु आमची चूक त्याहून लहान नाही. त्याची शस्त्रक्रिया आम्हांला ठाऊक होती; हार आम्हीच घातला होता. तरीही गोळी देताना विचारावे, असे आमच्या मनात आले नाही.

आणि तिसरी चूक त्या हजेरी-बक्षिसाची. कंबरदुखीला खरे औषध चार दिवसांची विश्रांती होते. ती महाग पडत होती. गोळी स्वस्त होती. आमच्या कामगारवस्तीत निम्म्या गोळ्या दुखणे बरे करण्यासाठी घेतल्या जात नाहीत. पाळी भरण्यासाठी घेतल्या जातात. घरातल्या बायका तर त्याहून मुकाट्याने घेतात, कारण त्यांना रजाच नाही. दुखणे ही शरीराने दिलेली तक्रार आहे. तक्रार ऐकून न घेता तक्रारदाराचे तोंड दाबणारा मालक आम्हांला आवडत नाही. मग आपल्याच शरीराशी आपण तसे का वागतो?

१९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी सांगितली होती. पुढे कायदे बदलले, संहिता आल्या, पेटी आहेच. आमच्या कारखान्यातल्या पेट्यांच्या झाकणाला आतून आम्ही मराठीत एक कागद चिकटवला आहे. त्यावर तीन प्रश्न आहेत. तुमच्या पोटाची कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का? आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत? पूर्वी कधी व्रण, रक्तस्राव किंवा मूत्रपिंडाचा विकार झाला होता का? यांतल्या एकाचेही उत्तर 'हो' आले, की गोळी पेटीत परत आणि माणूस डॉक्टरकडे. ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्या खिशात एक कार्ड असते: शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, डॉक्टरांचा दूरध्वनी आणि 'दाहशामक गोळी देऊ नये' हे शब्द मराठीत. ते कार्ड दातांच्या डॉक्टरलाही दाखवायचे, कारण दात काढल्यावर हीच गोळी लिहून मिळते. डॉक्टरचा दाखला असेल तर खाड्याने बक्षीस बुडू नये, ही मागणी आम्ही वाटाघाटीत ठेवली आहे. ती अजून मान्य झालेली नाही. आम्ही ती सोडलेलीही नाही.

आमचा तो सहकारी पुन्हा कामावर आला आहे. ही हकिगत सांगण्याची परवानगी आम्ही त्याच्याकडे मागितली. तो म्हणाला, "सांगा, पण माझे नाव नको, आणि तुमची चूक तेवढी सांगू नका, मीही विचारले नव्हते." आम्ही त्याचे पहिले ऐकले, दुसरे ऐकले नाही.

आज घरी गेल्यावर आपण एवढेच करा. कपाटातला तो डबा काढा, प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा, आणि ज्या गोळ्यांत दाहशामक आहे त्या वेगळ्या ठेवा. मग कोणी कपाळ किंवा कंबर धरून दारात आला, तर डबा उघडण्यापूर्वी त्याला बसवून घ्या आणि विचारा. विचारायला अर्धा मिनिट लागतो. न विचारण्याने काय होते, ते आम्ही आपल्याला सांगितले आहे.